राखेचा नकाशा

आई युगांडाला गेली तेव्हा घरातला गोडा मसाला कसाबसा दिवाळीपर्यंत पुरला. सांगलीहून मामी दरवर्षी एक डबा पाठवायची, पण तो आईसाठी यायचा, आणि आई इथे नाही म्हटल्यावर बहुधा तिला पाठवायचं सुचलं नसावं. मग बाबांनी आमटीत छोल्यांचा मसाला घालायला सुरुवात केली. आम्ही दोघं ती आमटी काही न बोलता जेवायचो. बाबा वनस्पतींच्या रोगांवर काम करणारे शास्त्रज्ञ. बोलणं त्यांना मुळातच कमी लागायचं, पण आई असताना ते जाणवत नसे, कारण ती दोघांच्या वाट्याचं बोलायची. ती गेल्यावर लखनऊच्या इंदिरा नगरातल्या आमच्या वरच्या मजल्यावर कूलरची घरघर, वीज गेली की इन्व्हर्टरची टीटी, आणि खालून जाणाऱ्या ठेलेवाल्याचं 'भिंडी ले लो, तोरई ले लो' एवढेच आवाज उरले. मी तेव्हा अकरावीत होते. शाळेतून आल्यावर कुलूप उघडताना मी उगीचच किल्ली जोरात फिरवायची, म्हणजे कुणी आत असेल तर त्याला कळावं. आत कुणी नसायचं, हे मला ठाऊक असायचं.

आई पाण्यातल्या जंतूंची अभ्यासक होती. लहानपणी जेवताना आमच्याकडे हगवण, कॉलरा, विहिरीचे नमुने असे विषय चालायचे, आणि पाहुणे असले तर बाबा हळूच खाकरायचे. एका परदेशी संस्थेने तिला दोन वर्षांसाठी बोलावलं. तिथे एका मोठ्या तळ्याकाठच्या गावांत दर पावसाळ्यात कॉलरा यायचा. शासनाने बांधून दिलेल्या संडासांत लोक शेळ्या बांधत. आता गावाने स्वतःच ठरवायचं, स्वतःच खणायचं, आणि आईसारख्यांनी फक्त सोबत राहायचं, असं काहीसं ते काम होतं. ती फार खुशीत गेली. मीही तिला खुशीतच निरोप दिला, कारण सोळा वर्षांच्या मुलीने रडणं मला शोभणारं वाटत नव्हतं.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एक काकू मला बाजूला घेऊन खोबऱ्याच्या दोन वड्या जास्त द्यायच्या आणि विचारायच्या, "आई कधी येणार गं? फोन तरी करते का?" त्या मराठीत विचारायच्या आणि मी हिंदीत सांगायची, "करती हैं, हर संडे." हिंदीत सांगितलं की ते दुसऱ्याच कुणाबद्दल असल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या वर्षी मी मंडळात गेलेच नाही.

फोन खरंच दर रविवारी यायचा. आई बाजाराच्या गावी येऊन फोन करायची, मागे मोटारसायकली आणि कुठलं तरी जोरजोरात लावलेलं गाणं. तिचं वाक्य माझ्यापर्यंत येईपर्यंत मी बोलायला लागलेली असायची. मग दोघी थांबायचो, मग दोघी एकदम बोलायचो. "मराठीत बोल गं, इथे तेवढंच ऐकायला मिळतं," ती म्हणायची. पण मधल्या वारी तिच्या मेल यायच्या, आणि त्या मला फोनपेक्षा जवळच्या वाटायच्या. रोमन अक्षरांतली मराठी. बाबा ऑफिसात त्या पाठकोऱ्या कागदांवर छापून आणायचे. एका बाजूला आंब्याच्या पानावरच्या डागांचे आलेख, दुसऱ्या बाजूला आई.

त्या मेलमध्ये आम्ही फार नसायचो. गाव असायचं. मोकळ्या जागेत लोक जमिनीवर आपल्या गावाचा नकाशा कसा काढतात ते असायचं: चुलीतली राख पसरून वाटा, पानं ठेवून घरं, दगड ठेवून विहिरी. मग प्रत्येकाने आपण परसाकडे कुठे जातो तिथे चिमूटभर पिवळी माती टाकायची. नकाशा हळूहळू पिवळा होत जातो, विहिरींपर्यंत येतो. मग एक पेलाभर स्वच्छ पाणी पुढे करायचं, सगळे प्यायला तयार असतात. त्यात घाणीवरून फिरवलेला एक केस बुडवायचा आणि पुन्हा पुढे करायचं. कुणी घेत नाही. "मग विचारायचं, या केसासारखे माशीला पाय किती? आणि गप्प बसायचं," आई लिहायची. "मुक्ता, तू असतीस तर बघितलं असतंस, एक बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, आपण एकमेकांची घाण खातोय. आम्ही कुणी एक शब्द बोललो नव्हतो." मला त्या बाईचा राग यायचा. ती आईसमोर उभी होती.

एका मेलमध्ये हात धुण्याच्या साधनाचं चित्र होतं. दोन खुंटांमध्ये टांगलेला पाण्याचा कॅन, त्याच्या तोंडाला दोरी, दोरीच्या टोकाला जमिनीजवळ काठी. काठी पायाने दाबली की कॅन कलतो आणि पाणी पडतं. बाबांनी दोन संध्याकाळी खपून तसलं एक गच्चीत बांधलं. आमच्याकडे गच्चीत नळ होता. तरी बाबा रोज ऑफिसातून आल्यावर वर जाऊन काठीवर पाय देऊन हात धुवायचे, आणि मी जिन्यात उभी राहून ते बघायची. आई आठवते, असं आम्ही दोघांनी एकमेकांना कधी म्हटलं नाही.

धुणंभांडी करायला चाची यायच्या. शहराबाहेर, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पलीकडे मल्लाहन पुरवा म्हणून तीसेक घरांची वस्ती होती, तिथून त्या टेम्पोने यायच्या. त्यांना बरं नसलं की त्यांची सून सुनीता यायची. ती माझ्याहून वर्षादीडवर्षानेच मोठी, पण मला दीदी म्हणायची. कडेवर तिची मुलगी गुड़िया असायची. भांडी घासून झाली की सुनीता ओट्याला टेकून माझ्याशी बोलायची, माझी रसायनशास्त्राची वही उघडून त्यातल्या षटकोनांना 'ये तो छत्ता है, मधुमक्खी का' म्हणायची. त्या दोन वर्षांत माझ्या घरात हसणारं तेवढंच एक माणूस यायचं.

दुसऱ्या वर्षीच्या भादोंमध्ये, म्हणजे भाद्रपदात, चार दिवस दोघी आल्या नाहीत. पाचव्या दिवशी सुनीता एकटी आली. कडेवर कुणी नव्हतं. मी विचारायच्या आधीच तिने नळ सोडला आणि भांडी घासायला बसली. पाठ माझ्याकडे. "पेट चला था," ती म्हणाली. "दो दिन चला, फिर चली गई." मी तिच्याशेजारी बसून भांडी विसळू लागले. तिने मला अडवलं नाही. सगळी भांडी झाल्यावर तिने विचारलं, "दीदी, आपकी मम्मी यही काम करती हैं न, परदेस में? कि बच्चे न मरें?"

"हाँ."

"तो यहाँ काहे नहीं करतीं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती. मी म्हटलं, "मैं करूँगी."

आज वाटतं, तेव्हा मला गुड़ियाचं वाईट वाटलं हे खरं, पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती. आई जे करत होती ते मी केलं असतं, तर रविवारी तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही असतं. तिच्या मेलमधली ती उठून उभी राहणारी बाई मलाही भेटली असती. मी सगळे कागद काढून पुन्हा वाचले, वहीत मुद्दे काढले, जसे परीक्षेला काढतात. आईला आधी विचारलं नाही. झाल्यावरच सांगायचं होतं. बाबांना सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिच्यासाठी म्हणून मिठाईचा डबा आणून दिला. मला मैत्रीण नव्हती.

मल्लाहन पुरव्यात मी सुनीताबरोबर पोचले तेव्हा नहराच्या कडेने चालून माझ्या चपला चिखलाने जड झाल्या होत्या. निंबाखाली बाजेवर एक म्हातारी बसली होती. तिला सगळे बड़की अइया, म्हणजे थोरली आजी, म्हणत. गुडघ्यांवर एरंडाची पानं बांधलेली. पानं सुकली की ती काढून दुसरी बांधायची, हेच तिचं दिवसभराचं काम होतं. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेला होता. तिने माझ्या चपला बघितल्या, मग मला, आणि समोरच्या हातपंपावरून लोटा भरून आणायला सांगितला. गुळाचा खडा हातावर ठेवून म्हणाली, "पहिले पानी पियो, फिर पढ़ायो." मी ते पाणी प्यायले. हातपंपाच्या मागच्या झुडपांत माश्या घोंघावत होत्या, ते मी पिता पितानाच बघून ठेवलं.

आई हल्ली त्या वेळच्या अइयाच्या वयाची झाली आहे. तिच्या न्हाणीघरात मी उंच आसन बसवून घेतलं तेव्हा ती चिडून म्हणाली, "आतापासून कशाला?" गुडघ्यांनी चालवेनासं झालेल्या बाईला पहाटे शेतापर्यंत किती लांब वाटतं, हा विचार मी सतराव्या वर्षी केला नव्हता. तो आता मी करत असते.

बायका जमल्या, मागे काही पुरुषही येऊन उभे राहिले. नकाशा छान झाला. सुनीताने राखेने वाटा काढल्या, पोरांनी पानं ठेवली, आपलं घर कुठलं यावरून हसणं-भांडणं झालं. पिवळी माती टाकताना बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, पण टाकत होत्या. सगळं मेलमध्ये लिहिलं होतं तसंच चाललं होतं. फक्त हातपंपाजवळ कुणी माती टाकली नाही. आणि तिथे कुणीतरी जातं, हे मला माहीत होतं. माझ्या वहीत लिहिलेलं होतं की लोक स्वतःहून म्हणतील, आपण गप्प बसायचं. मी गप्प बसले नाही. मी नकाशातल्या हातपंपाच्या दगडावर बोट ठेवून मोठ्याने विचारलं, "और यहाँ? नल के पीछे कौन जाता है?"

मी पुन्हा विचारलं. "वही पानी बच्चे पीते हैं. गुड़िया ने भी वही पिया था. बताइए, कौन जाता है?"

मागून एक पुरुष म्हणाला, "अरे बड़की अइया जात हैं, और के जाई." कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही. सगळ्यांची तोंडं बाजेकडे वळली, आणि सर्वात शेवटी सुनीताचं. अइयाने पदर पुढे ओढला. मग काठी घेतली, उठायला तिला बराच वेळ लागला, आणि ती आपल्या झोपडीत गेली. तेवढा सगळा वेळ आम्ही तिला बघत होतो. पाण्याच्या पेल्याचा प्रयोग मी केलाच नाही. परत येताना सुनीता नहरापर्यंत माझ्याबरोबर आली आणि एकच बोलली, "हम उनको कबसे जानते हैं. हमका भी मालूम रहा."

चौथ्या दिवशी सकाळी चाची आल्या आणि पिशवी न ठेवताच दारात उभ्या राहिल्या. अइया आता हातपंपामागे जात नव्हती. अंधार असतानाच उठून नहरापलीकडच्या शेतात जायची. त्या पहाटे काठावरून घसरून ती खाली पडली होती. उजाडल्यावर कुणी गुरं नेताना तिला पाहिलं. "कूल्हा टूट गवा, लागत है," चाची म्हणाल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. भांडी घासायला बसल्या.

मी बाबांना सगळं सांगितलं, मैत्रीण नसल्यापासून. बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, तोंड पुसलं, स्कूटरची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चल." पुरव्यातून अइयाला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं ते चौघांनी, त्यात एक बाबा होते. इस्पितळात तिच्या खुब्यात धातूची पट्टी घातली. ती तिथे होती तितके दिवस बाबा रोज संध्याकाळी तिच्यासाठी मुगाची खिचडी करून न्यायचे. मी इस्पितळाच्या जिन्यापर्यंत जायची. वर खाटेपाशी जायची नाही. बाबांनी कधी आग्रह केला नाही.

रविवारी आईचा फोन आला. मी मराठीत सुरुवात केली आणि पहिल्या दोन वाक्यांतच हिंदीवर गेले. रागात मला दुसरी भाषा येतच नव्हती. "तुम्हारे मेल में सब ठीक होता था! सब खुद उठके खड़े होते थे! तुमने क्यों लिखा वैसा?"

पलीकडे मोटारसायकली वाजत होत्या.

"मुक्ता," ती म्हणाली, "इथे वैस्वा म्हणून एक माणूस होता. एकटाच, मासेमारी करायचा. त्याचं घर तळ्याच्या अगदी काठाला. संडासाचा खड्डा खणला की पाणी भरायचं. दोनदा खणला त्याने. गावाच्या समितीने त्याला लाजवायला त्याच्या दारात एक चिंधी टांगली, मुलं त्याच्यावर गाणं म्हणायची. मी बघत होते. मला वाटलं, गाव आपणहून करतंय, आपण मध्ये पडायचं नाही. एक दिवस तो होडी घेऊन निघून गेला."

"पण तू तर लिहिलं होतंस की शेवटच्या घरानेही खड्डा खणला."

"शेवटचं घर उरलंच नव्हतं," आई म्हणाली.

मी फोन ठेवला. नंतर तीन रविवार मी फोन घेतला नाही. बाबा घ्यायचे आणि 'हो', 'बरं', 'आहे' एवढंच बोलायचे. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायची आणि त्यांचं 'आहे' माझ्याबद्दलच असणार, असं धरायची.

अइया खाटेवरूनच पुरव्यात परतली. तिला उकिडवं बसताही येत नव्हतं, बाहेर जाणं तर दूरच. तेव्हा सुनीता उठली. तिने कुणाला गोळा केलं नाही, नकाशा काढला नाही. अइयाच्या झोपडीमागे तिने एकटीनेच कुदळ मारायला सुरुवात केली. दुपारपर्यंत चाची तिच्याबरोबर होत्या, दुसऱ्या दिवशी आणखी चार बायका. हातपंपापासून किती लांब हवं ते बाबांनी पावलं टाकून सांगितलं. एका सुताराने जुन्या लाकडी खुर्चीची बैठक कापून दिली, म्हणजे अइयाला उकिडवं बसावं लागू नये. तुराट्यांचा आडोसा झाला, त्यावर कुणाच्या तरी लग्नातली लाल चादर. बाबांनी आमच्या गच्चीतला तो कॅन, खुंट, दोरी सगळं उपटून नेऊन तिथे लावलं, फक्त पायाची काठी काढून दोरी हाताने ओढायची केली. पुढच्या चैत्रापर्यंत बऱ्याच घरांमागे आडोसे उभे राहिले. काहींच्या मागे राहिलेच नाहीत. पुढच्या भादोंत पोरं आजारी पडली, पण कुठलं गेलं नाही, असं सुनीता म्हणाली. ते खड्ड्यांमुळे की नशिबामुळे, मला सांगता येणार नाही.

मी मात्र तो लाल आडोसा बघायला गेले ते एक दिवस धीर करून, दुपारी. अइया बाजेवर पडली होती. मी पायाशी बसले. काय बोलायचं ते मी पाठ करून गेले होते, ते सगळं गेलं. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "अइया, गलती हुई."

ती छताकडे बघत होती. "बात तो तुम ठीक कह्यो, बिटिया," ती म्हणाली. "पर सबके सामने कह्यो." मग तिने डोळे मिटले. मला जायला सांगितलं नाही, थांबायलाही नाही. मी ऊन उतरेपर्यंत तिथे बसून राहिले.

त्या रविवारी मी फोन घेतला. आईचा आवाज बारीक झाला होता. "मी सगळं सोडून येऊ का, मुक्ता? सांग. महिन्याभरात येते." गेलं दीड वर्ष मी ह्या एका वाक्याची वाट बघत होते. किल्ली जोरात फिरवताना, वड्या घेताना, आलेखांच्या मागचे कागद वाचताना. मी विचारलं, "वैस्वाला शोधलंस का?"

"नाही."

"मग आधी त्याला शोध," मी म्हटलं. बाबा दारात उभे होते, त्यांनी ऐकलं. फोन ठेवल्यावर ते आत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पोह्यांना फोडणी टाकायला निघून गेले. मी त्या दिवशी पोह्यांच्या ताटलीवर वाकून रडले, मीठ जास्त झालं म्हणून.

आईने त्याला शोधलं. तळ्याच्या पलीकडच्या काठाला बहिणीकडे होता. "त्याने मला स्टूल दिलं, मासा भाजून दिला. झाल्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलला नाही. मी बोलले, ते त्याने ऐकून घेतलं. परत मात्र आला नाही." तिची मुदत संपली आणि ती जूनमध्ये लखनऊला आली. मला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. त्या घरात आम्ही तिघं मिळून एकोणीस दिवस राहिलो. त्यानंतर मी तिथे सुट्टीतली पाहुणीच झाले.

त्या एकोणीस दिवसांत एकदा आई म्हणाली, मला पुरव्याला ने. मी तिला बजावलं, काही विचारायचं नाही, कुठे वाकून बघायचं नाही. ती मुकाट्याने हो म्हणाली. सुनीताला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. ती आईला बघून नुसती हसली. अइया काठी धरून अंगणापर्यंत येऊ लागली होती. तिने आईला जवळ बोलावलं, तोंडाजवळ तोंड नेऊन निरखलं. "यही हैं तुम्हार महतारी?" तिने मला विचारलं, हीच का तुझी आई. मी मान हलवली. तेव्हा तिने आईचं मनगट धरलं आणि म्हणाली, "बड़ी देर कइ दिह्यो, बहू."

सगळ्यांच्या वाट्याचं बोलणारी माझी आई मग तिच्या त्या सांगलीच्या हिंदीत एवढंच म्हणाली, "हाँ अम्मा. देर हो गई. बहुत देर हो गई."

हे ती मला कधी म्हणाली नव्हती, आणि पुढेही कधी म्हणाली नाही. त्या अंगणात, तिच्या दोन पावलं मागे उभी राहून मी ते ऐकलं, आणि तिने ते मलाच म्हटलं, असं समजून ठेवलं.